सोडलं नव्हतं, तरी सुटलं

तो माउस आमच्या चाचणीत उत्तीर्ण झाला होता. यंत्राच्या दांड्याने त्याचं डावं बटण लाखो वेळा दाबलं, क्लिक एकदाही चुकला नव्हता. तरी जिला नमुना वापरायला दिला होता, ती नकाशे काढणारी सहकारी पुन्हा पुन्हा सांगत होती, "ओढताना मध्येच सुटतं." रेषा अर्ध्यावर तुटायची, फाइल भलत्याच फोल्डरात पडायची.

यंत्र ठीक म्हणतंय म्हणजे हाताचा दोष असणार, असं बैठकीत निघालं. मला ते पटेना. क्लिकमध्ये बटण क्षणभर दाबलं जातं. ड्रॅगमध्ये, म्हणजे ओढताना, ते दाबून धरावं लागतं, आणि तेही हात सरकत असताना. यातलं दुसरं आम्ही तपासलंच कुठे होतं?

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिला नेहमीसारखं काम करायला सांगितलं आणि माउसकडून येणारी नोंद जशीच्या तशी साठवत गेलो. माउस सेकंदाला ठरावीक वेळा आपली स्थिती कळवतो. त्यात एक बिट डाव्या बटणाचा असतो. दाबलेलं असेल तर १, नसेल तर ०. ड्रॅग चालू असेपर्यंत सलग १ यायला हवेत. सेकंदाला १००० नोंदी घेतल्या, तेव्हा त्या एकांच्या रांगेत मध्येच दोन-तीन शून्यं दिसली. म्हणजे दोन-तीन मिलिसेकंद. संगणकाला तेवढं पुरतं. बटण सुटलं असं समजून तो हातातली वस्तू तिथेच टाकतो. लॅबमध्ये नोंदी सेकंदाला १२५, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी घेत होतो. एवढीशी फट त्यात बहुतेक वेळा निसटून जायची.

कारण बटणाखालच्या स्विचमधल्या धातूच्या पत्तीत होतं. असे स्विच साधारण ६० ते ७५ ग्रॅम दाबाला लागतात. पूर्ण दाबला की पत्ती संपर्कावर घट्ट टेकते. पण सुटण्याच्या बिंदूपाशी जेमतेम धरला, तर तिचा दाब जवळजवळ शून्यावर येतो. सहकारीचं बोट हलकं. हात वळला की बोट किंचित तिरकं व्हायचं आणि पत्ती क्षणभर उचलली जायची. यंत्राचा दांडा मात्र सरळ आणि जोरात दाबत होता! इतकं निगुतीने काम करणाऱ्या माणसाला आपण चूक ठरवणार होतो, याचा मला खरंच राग आला.

फर्मवेअरमध्ये, म्हणजे माउसच्या आत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, उपाय सोपा होता: दाबल्याची नोंद लगेच द्यायची, सुटल्याची मात्र काही मिलिसेकंद खात्री करून. नकाशाच्या कामाला तेवढा उशीर जाणवत नाही. पण नुसत्या त्यावर थांबायला मी विरोध केला, कारण वापराने पत्ती सैल होत जाते आणि फट वाढते. म्हणून बटणाखालचा उंचवटाही किंचित वाढवून घेतला, हलक्या बोटालाही स्विच खोलवर दाबला जावा यासाठी.

चाचणीही बदलली. आता माउस गोल फिरत्या पट्टीवर बसतो, बटणावर स्विच लागेल जेमतेम एवढंच वजन असतं, ते कधी पुढच्या टोकाला तर कधी मागे. नोंदीत एकही शून्य चालत नाही. घरी तपासायचं तर चित्र काढायचा कुठलाही प्रोग्राम उघडा, बटण शक्य तितकं हलकं धरा आणि मोठी वर्तुळं काढा, मध्येच झटकन दिशा बदला. रेषा तुटली तर दोष बहुधा बोटाचा नाही, स्विचचा आहे.