गाडी १९८६ची, टेन्शनर १९८७चा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मामांना माझे काळे हात दिसले. "काय रे, काय झालं गाडीला?" म्हटलं, टायमिंग बेल्ट बदलतोय, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा. मामांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. ते म्हणाले, "पट्टाच ना? सैल झाला असेल तर राळ चोळ. सहा महिने बघायला नको."

मामा, गिरणीचा पट्टा घसरला तर दळण थांबतं, एवढंच. माझ्या गाडीचा बेल्ट काही दात सरकला किंवा तुटला, तर वर जायच्या वेळी व्हॉल्व्ह वर जात नाहीत, खालून पिस्टन मात्र वर येतो. दोघं एकमेकांना भिडतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. सगळ्या गाड्यांत असं होत नाही. माझीत होतं.

माझी म्हणजे पोर्शे ९४४. पोर्शे म्हटल्यावर घरी काय काय समज झाले ते सोडा. चार सिलिंडरचं (माझीत अडीच लिटरचं) इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, अशी ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात निघायची. बहुतेक ९४४ तयार झाल्या जर्मनीत, नेकारझुल्मच्या आउडी कारखान्यात, आणि मी राहतो त्याच्या शेजारीच, हाइलब्रॉनला. माहेरी परत आलेली गाडी म्हणायला हरकत नाही.

इंजिनाच्या डब्यात आधीच्या मालकाने चिकटवलेला कागद होता: बेल्ट कधी बदलला, किती किलोमीटरला. इथे ही पद्धतच आहे. पण शाई उडाली होती आणि तारखेतला फक्त महिना वाचता येत होता. ९४४वाले साधारण चार वर्षं किंवा सत्तर हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, असा हिशोब धरतात. ज्या बेल्टचं वय माहीत नाही तो संपला असंच समजायचं, कारण गाडी शेडमध्ये उभी असली तरी रबराचं वय वाढतच असतं.

पार्ट्सच्या दुकानात गेलो. जर्मनमध्ये या बेल्टला म्हणतात 'त्सानरीमेन'. त्सान म्हणजे दात, रीमेन म्हणजे पट्टा. इतका सरळ शब्द असल्यामुळे मी खुशीत होतो, तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "त्सू त्स्वाय? त्सू द्राय?" म्हणजे 'दोनचं काय, तीनचं काय'. मला वाटलं दोन हवेत की तीन विचारतोय. खरं तर तो गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या रकान्यांतले नंबर मागत होता: एक चार आकड्यांचा, कंपनीचा (पोर्शेचा ०५८३), आणि दुसरा मॉडेलचा. ऑक्टोबर २००५पासून कागदच बदलला, रकान्यांना २.१ आणि २.२ म्हणतात, पण काउंटरवरची भाषा जुनीच राहिली.

नंबर दिले. मग त्याने वर्ष विचारलं. नोंदणीपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख आहे ऑक्टोबर १९८६, म्हणून मी ठासून सांगितलं, "१९८६." दोन दिवसांनी किट आलं आणि टेन्शनरचा, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या भागाचा, रोलर काही केल्या बसेना.

शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. त्यांनी रोलर हातात घेतला, इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चेसिस नंबरचं दहावं अक्षर वाचा." वाचलं: एच. एच म्हणजे मॉडेल वर्ष १९८७. जी असतं तर १९८६. (अकरावं अक्षर एन, ते नेकारझुल्मचं.) पोर्शेचं नवं मॉडेल वर्ष आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे ऑक्टोबरात रस्त्यावर आलेली माझी गाडी कागदावर १९८६ची आणि अंगाने १९८७ची. आणि नेमका १९८७पासूनच ९४४ला स्प्रिंगवाला टेन्शनर आला. त्याआधी ताण हाताने द्यावा लागायचा. दुकानदाराची चूक नव्हती, मीच वर्ष चुकीचं सांगितलं होतं. किट बदलून मिळालं, फक्त पुन्हा दोन दिवस गेले.

तुम्ही कुठल्याही जुन्या गाडीसाठी बेल्ट घेत असाल तर नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका. चेसिस नंबर द्या आणि इंजिन कुठलं तेही सांगा. ९४४मध्येच आठ व्हॉल्व्ह आणि सोळा व्हॉल्व्ह असे दोन प्रकार आहेत आणि त्यांची किटं वेगळी. त्यात चाळीस वर्षांच्या गाडीत कुणी कधी दुसरं इंजिन टाकलं असेल, कुणास ठाऊक. नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दात मोजा, रुंदी बघा, दातांचा आकार बघा, चौकोनी की गोल. लांबी जुळली म्हणून बेल्ट जुळला असं होत नाही. बेल्टच्या पाठीवर छापलेला तारखेचा कोडही बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल 'नवा' म्हणून मिळतो.

आणि ९४४ला बेल्ट एक नाही, दोन. चार सिलिंडरचं इतकं मोठं इंजिन थरथरतं, म्हणून त्यात वजनं लावलेले दोन शाफ्ट आहेत, एकमेकांच्या उलट दिशेने आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाने फिरणारे. ही युक्ती पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली. एका शाफ्टला उलटं फिरवायचं म्हणून या दुसऱ्या बेल्टला दोन्ही बाजूंनी दात. हा 'फक्त थरथर कमी करणारा' म्हणून लोक बदलायचा टाळतात. तो तुटला की तुकडे मुख्य बेल्टमध्ये जातात आणि मग मघाचंच, पिस्टन आणि व्हॉल्व्ह. वॉटर पंपही मुख्य बेल्टच्या पाठीवर फिरतो, तोही याच वेळी बदलला. पुढची ऑइल सीलंही (तेल गळू न देणाऱ्या कड्या), कारण तेल लागलेला बेल्ट फुगतो.

बेल्ट चढवून झाल्यावर फिटरकाकांनी (हे नाव मनातल्या मनात, समोर जर्मन 'हेर', म्हणजे 'श्री', आणि आडनाव) माझ्या हातात लांब पाना दिला. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, घड्याळाच्या दिशेनेच, मागे अजिबात नाही. फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाच्या) खिडकीतून 'ओटी'ची, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची, खूण येते का ते मी पाहायचं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणाऱ्या पुलीची खूण ते पाहणार. पहिल्यांदा खूण आली तेव्हा कॅमची नव्हती, आणि माझ्या पोटात गोळा आला. ते हसले. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. दुसऱ्या फेऱ्याला दोन्ही खुणा समोरासमोर.

ताण दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना तपासला. मग मी नवा कागद कापला, तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि चिकटवणार तेवढ्यात त्यांनी बॉलपेन काढून घेतलं. मार्कर दिला आणि खाली अजून एक ओळ लिहायला लावली: ३,००० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासणे.