कापड कुजतं, मग कळतं कसं?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारलेला आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते. विषय निघतो जुन्या पशुपालकांच्या कपड्यांचा, मी उत्साहात दोन वाक्यं बोलते आणि समोरचा म्हणतो, अहो पण कापड मातीत कुजून जातं ना, मग तीन हजार वर्षांपूर्वी मेंढ्या राखणारे काय घालायचे ते तुम्हाला कळतं कसं, कातडीच गुंडाळत असतील की!

कुजतं, खरंय. त्यात आपल्याकडे दर वर्षी पावसाळा, त्यामुळे धागा टिकला तर नशीबच. नेवाशाला 1954 ते 56 च्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत चक्क दोरा शिल्लक होता, कापूस आणि रेशमाचा. घोड नदीकाठी चांडोलीला तसाच अळशीचा म्हणजे जवसाच्या झाडाचा. हे कसं झालं, तर तांब्यावर जो हिरवा गंज चढतो तो जंतूंना मारक, त्यामुळे दोरा खाणारं तिथं कुणी जगलंच नाही. मण्याएवढ्या जागेत तीन हजारांहून जास्त वर्षं दोरा राहिला, बाकी अख्खं गाव मातीत गेलं.

पण रोजचं काम अशा नशिबावर चालत नाही. उत्खननात रोज भेटते ती चकती. मातीची किंवा दगडाची, मधे भोक, त्यात काडी घातली की झाली चाती, म्हणजे हातानं गरगर फिरवून सूत कातायचं साधन. दिसायला अगदीच फालतू, पण तिचं वजन आणि व्यास मोजला की कसला धागा निघत असेल याचा अंदाज येतो, जड चकतीनं जाड दोरा, हलकीनं बारीक. मी स्वतः मातीची एक करून भाजून घेतली आणि एका ओळखीच्या धनगर मावशींनी दिलेली लोकर घेऊन बसले, तर दर दोन हातांवर दोरा तुटायचा, चाती फरशीवर आपटायची आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, चातीकडं बघू नगंस, बोटाकडं बघ." तो सल्ला मला कुठल्याच रिपोर्टात मिळाला नव्हता.

आता जरा हिशोब करा. सरावाचा हात तासाला साधारण 40-50 मीटर धागा काततो, असं प्रयोग करून बघणाऱ्यांचे आकडे सांगतात. एका सेंटीमीटरला उभे दहा आणि आडवे दहा धागे धरले तर एक चौरस मीटर कापडाला दोन किलोमीटर धागा लागतो, म्हणजे नुसती कताई चाळीसेक तास, त्याआधी लोकर काढणं, निवडणं, पिंजणं वेगळंच आणि विणकाम तर अजून सुरूच नाही. आणि लोकर काढायला कातरी नंतर आली, त्याआधी मेंढीची लोकर झडायच्या दिवसात हातानं उपटायचे. मुळात माणसानं मेंढी पाळली ती मांसासाठी, तिच्या अंगावर आधी राठ केसच जास्त, मऊ लोकरीच्या मेंढ्या पिढ्यानपिढ्या निवडत नेल्यावर मिळाल्या.

एवढा जीव ओतलेल्या कापडाला कात्री लावायची हिंमत कुणाची होईल? तर माझी सगळ्यात आवडती वस्तू इथेच येते. चीनच्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ यांगहाय नावाची दफनभूमी आहे, इतकी कोरडी की तिथं कुजायचं कामच थांबतं. तिथं चाळिशीच्या आसपासचा एक घोडेस्वार मिळाला, सोबत लगाम आणि लढाईची कुऱ्हाड, आणि अंगात लोकरीची पँट! इसवीसनपूर्व 13 वं ते 10 वं शतक यांच्या मधली. तीन तुकडे आहेत, दोन पायांचे आणि मधला एक रुंद, ज्यामुळे घोड्यावर टांग टाकता येते, आणि तिन्ही मागावरच हव्या त्या आकारात विणलेत, कापून काढलेले नाहीत. बरं, विणही सगळीकडे एक नाही. बहुतेक भागात तिरपी वीण, तुमच्या जीन्सवर जवळून बघितलं की बारीक तिरप्या रेघा दिसतात ना, तीच, आणि गुडघ्याला मुद्दाम जाड, घट्ट. म्हणजे विणणाऱ्या हाताला सुरुवात करायच्या आधीच माहीत होतं की इथं गुडघा येणार आणि इथं खोगीर नाही तरी घोड्याची पाठ घासणार. कातडी गुंडाळणारे म्हणे!

थंडीतलं उदाहरण म्हणजे सायबेरियाच्या अल्ताई डोंगरातलं पाझिरिक, भटक्या घोडेस्वार पशुपालकांची दफनभूमी. तिथल्या थडग्यांत जुन्या काळीच चोर शिरले, त्यांनी पाडलेल्या भगदाडातून पाणी आत गेलं, गोठलं, आणि ते बर्फ वितळलंच नाही. 1949 मध्ये रुडेन्को या संशोधकाला पाचव्या थडग्यात गाठी मारून विणलेला गालिचा मिळाला, साधारण 183 बाय 200 सेंटीमीटर, बारा लाखांवर गाठी. चोरांनी सोनं नेलं असेल, पण त्यांच्या उपकारानं गालिचा वाचला. तो नेमका कुठे विणला यावर अजून वाद आहेत आणि फोटो सगळे त्याचेच टाकतात, मला मात्र तिथले फेल्टचे हंस जास्त भारी वाटतात. फेल्ट म्हणजे लोकर ओली करून दाबून-मळून केलेलं कापड, ना धागा ना माग, मुक्काम हलवत राहणाऱ्यांना एकदम सोयीचं.

तर असं कळतं. आणि आता तुम्ही विचारलंतच म्हणून एक विनंती. शेतात नांगरताना हिरवट पडलेला तांब्याचा मणी सापडला तर कृपा करून चिंच लावून घासू नका हो. चकाचक दिसेल, पण भोकातला दोरा जाईल. कागदात गुंडाळा, पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि तोपर्यंत पाणीसुद्धा लावू नका.