तुम्ही विचारलंत म्हणून: लाल त्रिकोण

"तुमचंच कृषी केंद्र आहे, तर तुम्हीच सांगा, सरकारनं ही फवारणीची विषारी औषधं विकू द्यावीत का?" पुण्याचे पाहुणे विचारतात, कॉलेजातला भाचाही विचारतो. विष विकता, असं तोंडावर कोणी म्हणत नाही एवढंच.

जहाल आहेत ती बंद करावीत, असं माझं मत आहे. पण माझ्या काउंटरवर नव्हे, कारखान्यातच.

आमच्या यवतमाळकडे विष कोणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. तुडतुडे दिसले की गिऱ्हाईक हजर, "भाऊ, कडक देजा, वास आला पायजेन." बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल पाहून बाटली परत ठेवलेली मी पाहिली नाही. माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी, अन् माप म्हणजे झाकण.

बंदीचं नाव काढलं की पूर्वी मी हसायचो. गुटखा 2012 पासून राज्यात बंद, तो कुठल्याही पानठेल्यावर मागून पाहा. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा कोरडा, किती कोरडा ते तिकडच्यांनाच विचारा. अन् अर्धवट बंदी कशी पाळली जाते, हे तर मीच जाणतो. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला 2005 पासून मनाई होती, कपाशीवर चालायचं. वांगीवाला यायचा, मी बिलावर कपाशी लिहायचो. खोटं कशाला बोलू?

श्रीलंकेनं 1995 च्या सुमारास अतिजहाल औषधांची आयात-विक्रीच थांबवत आणली. तिथं लोक हीच औषधं पिऊन जीव द्यायचे. पुढच्या काळात तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या, पीक काही घटलं नाही. माल बाजारात आलाच नाही तर बिलावर काय लिहिणार?

दारू पिणारा निदान स्वतःच्या हातानं पितो. इथं बाटली घेणारा एक अन् हुंगणारा दुसरा. 2017 साली कपाशी पुरुषभर वाढली होती. एरवी कमरेखाली मारायचा फवारा त्या वर्षी वर धरावा लागला अन् तुषार तोंडावर येत राहिले. जिल्ह्यात विसावर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली.

आमच्या गावचा एक मजूर त्यातून वाचला. बाटली माझ्याच दुकानची, बिल मालकाच्या नावानं. यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळून, अनवाणी, दिवसभर पंप वाहिला. संध्याकाळी डोळ्यांपुढं धुकं आलं. महिन्याभरानं दुकानात येऊन बाकावर बसला. "भाऊ, त्या शिशीवर लिवलं का होतं?"

मी रिकामा खोका शोधला, चष्मा लावला, वाचून दाखवलं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, गमबूट, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये.

"हे हातमोजे भेटते का तुमच्याइथं?"

नव्हते. कोणी मागत नाही म्हणून ठेवतच नव्हतो. आता ठेवतो. मागच्या हंगामात दोन जोड गेले.