पाचच्या कोपऱ्यातला काळा त्रिकोण

हे लिहू की नको करत तीन आठवडे गेले. मुलीची ओळख पटेल असं सगळं बदललंय, इयत्ता, घरातले तपशील, सगळंच, त्यामुळे कुणी शोधत बसू नका.

मी शाळेत काउन्सेलर आहे. लोकांना वाटतं हिचं काम म्हणजे दिवसभर खोलीत बसून मुलांचं ऐकायचं. ऐकणं आठवड्यातून फार तर दहा तास होत असेल, उरलेला वेळ शीटमध्ये जातो. कलचाचणीची शीट, गैरहजेरीची शीट, कोणाला बोलावलं आणि कोण आलंच नाही त्याची शीट. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांची संघटना 250 मुलांमागे एक काउन्सेलर असावा म्हणते, माझ्या वाट्याला साडेआठशे आहेत, त्यामुळे ऑनलाइन फॉर्मला नावं ठेवायची मला सोयच नाही. तो नसता तर यातली निम्मी मुलं मला फक्त जिन्यात दिसली असती.

तर आमचा सोमवारचा फॉर्म. चार प्रश्न, झोप कशी होतेय, शाळेत कसं चाललंय, मित्रमैत्रिणींबरोबर कसं, घरी कसं. 1 ते 5 पैकी एक निवडायचं. खाली एक रिकामी चौकट, 'काही सांगायचंय?' तिच्यात बहुतेक जण 'नाही' लिहितात, आणि एकदा एका अख्ख्या वर्गाने ठरवून नुसता एकेक टिंब टाकला होता. फॉर्म सोमवारी सकाळी 8 ला उघडतो आणि मंगळवारी दुपारी 3 ला बंद होतो. ही वेळ मी भांडून मिळवलीये. आमच्या मुख्याध्यापकांना तो शुक्रवारी संध्याकाळी जायला हवा होता, म्हणजे मुलं वीकेंडला निवांत भरतील, आणि हे चार प्रश्न कशाला, डिप्रेशनचा तो नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-9 च टाका की. मी म्हटलं सर, त्यातला नववा प्रश्न मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा आहे. बाकी आठ प्रश्नांना शून्य आलं, एकूण 27 पैकी 1 च गुण झाला, तरी त्या एका खुणेसाठी त्याच दिवशी मुलाशी बोलावं लागतं. शुक्रवारी रात्री 9 ला एखाद्याने ती खूण केली तर सोमवारपर्यंत ती कोण वाचणार? विचारायचं तर ऐकायला माणूस हजर हवा, नाहीतर विचारू नये. तेव्हा ते गप्प बसले, पण पटलं असं वाटत नाही. त्यांना रंगीत गोल आलेख आवडतात.

त्या मंगळवारची सकाळ भलत्याच गोष्टीत गेली. शाळेने मुलांच्या खात्यांवर लक्ष ठेवणारं एक सॉफ्टवेअर घेतलंय, ते शब्द पकडून अलर्ट पाठवतं. सव्वाआठला लाल अलर्ट, नववीतला मुलगा, 'मृत्यू' हा शब्द चौदा वेळा. धावतपळत त्याला वर्गातून काढला, तो बिचारा पांढराफटक, त्याचे वर्गशिक्षक माझ्याहून पांढरे. पहिल्या महायुद्धावरचा प्रकल्प निघाला. मुलगा म्हणाला, मॅम, मग 'मृत्यू' ऐवजी काय लिहू? मला उत्तर सुचलं नाही. पण नियम असा की लाल अलर्टचा रिपोर्ट भरायचाच, पाच पानी, त्यात 'प्रत्यक्ष धोका नाही' या वाक्यापुढे मला कारण लिहावं लागलं, 'विषय: इतिहास'.

हे उरकतंय तोवर मुख्याध्यापकांचा निरोप, दुपारच्या मीटिंगला आलेख हवा, कुठल्या दिवशी किती मुलं फॉर्म भरतात. एरवी मी शीट उत्तरांवर लावते. 1 आणि 2 लाल, 3 पिवळा, 4-5 हिरवा, हे रंग माझे मीच घातलेत आणि मला त्यांचा जरा अभिमानही होता. लाल ओळी वर आणायच्या, वरून बोलवायला सुरुवात करायची, हिरव्याकडे बघायला कधी वेळच उरत नाही. त्या दिवशी मात्र आलेखापायी पहिल्यांदाच ती वेळेवर लावली, म्हणजे पहिला रकाना, फॉर्म कधी जमा झाला तो. बहुतेक सगळे सोमवारी तासांच्या मध्ये, काही संध्याकाळी, दोन-चार मंगळवारी सकाळी. आणि एक पहाटे 2:47.

आठवीतली मुलगी. चारही उत्तरं 5. झोप कशी होतेय, 5. पावणेतीनला.

मागचे आठवडे उघडले. 2:31. 2:52. 2:40. एक आठवडा सोडून सगळे तसेच, आणि सगळीकडे हिरवं. पहिली शंका आली ती शीटच्या टाइमझोनची, तो चुकलेला असला की सगळ्या वेळा सरकतात. पण तसं असतं तर बाकीच्यांच्याही सरकल्या असत्या. तरी कॉम्प्युटरच्या सरांना बोलावलं. हे गृहस्थ स्टाफरूममध्ये कुणाशी चार शब्द बोलत नाहीत, पण स्क्रीनसमोर बसवा, त्यांच्याइतका बारीक बघणारा माणूस शाळेत दुसरा नाही. त्यांनी टाइमझोन बघितला, बरोबर होता. मग स्क्रीनच्या जवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम, हा त्रिकोण बघितलात का?"

शेवटच्या रकान्यात, 'घरी कसं', त्या 5 च्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिळाएवढा काळा त्रिकोण. वर माउस नेला की छोटी खिडकी उघडते, भरणाऱ्याने हे उत्तर बदललंय. आधी काय होतं ते त्या खिडकीत येत नाही. आणि सरांनी सांगितलं की उत्तर बदललं की वेळही नवीन पडते, पहिली पुसली जाते. म्हणजे ती फॉर्म रात्री भरतच नव्हती. भरत होती कधीतरी दिवसा, आणि पावणेतीनला उठून त्यातलं एक उत्तर बदलत होती. जवळपास दर आठवड्याला. मागे जाऊन बघितलं, त्रिकोण होतेच, गेले दोन महिने, माझ्या हिरव्या रंगावर.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ती? अगं ती एकदम गुणी मुलगी." माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकलं की खुर्चीतून उठायचं असतं.

आली. बसली. मी नेहमीचं सांगितलं, इथलं बोलणं इथेच राहतं, पण तुला किंवा कुणाला धोका आहे असं दिसलं तर मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन. तिने मान हलवली. मग मी विचारलं, रात्री झोप होतेय का गं, फॉर्म रात्री उशिरा आलेला दिसतो.

तिने एकदम वर बघितलं. "वेळ पण येते का त्यात?"

हो म्हटलं. ती काही बोलली नाही पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. फॉर्मवर मी लिहिलं होतं की उत्तरं फक्त काउन्सेलर वाचेल. वेळेबद्दल काही लिहिलं नव्हतं, कारण वेळ हे उत्तर आहे असं मलाच कधी वाटलं नव्हतं. जे तिने सांगितलंच नव्हतं ते मी वाचलं होतं आणि आता त्याच्या जोरावर तिला प्रश्न विचारत होते.

मग हळूहळू निघालं. फॉर्म ती सोमवारी लायब्ररीच्या तासाला भरायची, खरा. फॉर्म भरला की भरणाऱ्याला त्याच्या उत्तरांची कॉपी मेलवर जाते. जाते म्हणजे, मी तशी ठेवली होती. मुलांना आपण काय लिहून दिलं ते आपल्याकडे असावं, पारदर्शकता वगैरे, आणि वाटलं तर बदलताही यावं, म्हणून बदलायची लिंकही त्याच मेलमध्ये. वर्षाच्या सुरुवातीला ट्रेनिंगमध्ये मी हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं होतं. आणि तिचं शाळेचं खातं आईच्या फोनवर उघडं असतं, कारण गृहपाठ, नोटिसा सगळं त्याच खात्यावर येतं आणि घरात दुसरा फोन तिच्या वाट्याला नाही. आईची शिफ्ट रात्रीची. मेल आईला कामावर दिसतो. अडीचला आई घरी येते आणि दोघी मिळून ते उत्तर बदलतात.

"झोपेतून उठवते?"

"नाही, मी जागीच असते."

मारते का, ओरडते का, सरळ विचारलं, हे आडून विचारायचं नसतं. नाही. आई फक्त म्हणते की घरातलं शाळेत कशाला.

"मग जागी का असतेस?"

"बाबा हॉलमध्ये बसलेले असतात. कधी बाल्कनीत."

"मग?"

"मग मी मध्येमध्ये पाणी प्यायला उठते."

यापुढे तिला काही स्पष्ट करून सांगायला लावलं नाही. तेरा वर्षांची मुलगी कामावरची आई परत येईपर्यंत राखण करत होती. बाबांचं काम सुटून काही महिने झाले होते, बोलणं जवळपास बंद.

मी म्हटलं, हे मला आईशी बोलावं लागेल, आजच. ती म्हणाली बोला. पण मॅम, कॉपीचं सांगू नका. आणि कॉपी बंदही करू नका. बंद झाली की आईला कळेल मीच सांगितलं.

फोन केला. बाई फोनवर अतिशय सभ्य, थकलेला आवाज. मी म्हटलं तुमची मुलगी रात्री झोपत नाहीये असं दिसतंय, त्याबद्दल बोलायचं होतं. पलीकडे शांतता. मग, "तिने परत लिहिलं का काही?"

त्या 'परत' वर मी अडखळले. म्हटलं, नाही, फॉर्ममध्ये सगळं उत्तम आहे. खरंच होतं ते.

रागवायची तयारी करून फोन लावला होता आणि राग आला नाही, हे कबूल करते. ती बाई संध्याकाळी कामावर जाण्याआधी शाळेत आली, अर्धा तास खुर्चीच्या कडेला बसली, म्हणाली मॅडम, कोणाला कळलं तर त्यांना पुढे काम कोण देईल, थोड्या दिवसांत उठतील ते. मी सांगितलं की त्यांना एकटं ठेवू नका, हे थोड्या दिवसांवर सोडायचं नसतं, आत्महत्येबद्दल विचारल्याने माणसाच्या डोक्यात ती शिरत नाही, त्यांना सरळ विचारा. मोठ्यांवर उपचार हे माझं काम नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला, तिच्यासमोरच फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, आणि त्या रात्री घरी दुसरं कोण थांबेल ते ठरल्यावरच तिला उठू दिलं. तिचा दीर आला. मेलचा विषय दोघींनीही काढला नाही. मला माहितीये हे तिला माहीत होतं असं मला वाटतं.

मुख्याध्यापकांना जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं. ते म्हणाले, बघा, सिस्टिमने पकडलं. मी काही बोलले नाही. सिस्टिमने महायुद्ध पकडलं होतं.

1966 मध्ये जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञाने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला, माणसाचंच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारणारा, बाकी आत काही नाही. त्याची सेक्रेटरी त्या प्रोग्रॅमशी टाइप करत बोलायला लागली आणि थोड्या वेळाने तिने वायझेनबॉमलाच म्हटलं, जरा बाहेर जाता का. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लोकांना हे गंमत म्हणून सांगायचे, बघा लोक मशीनला कसे भुलतात. आता वाटतं त्या बाईने अगदी योग्य तेच मागितलं, खोलीत तिसरं कोणी नको. आमच्या मुलीला आईला बाहेर जा म्हणायची सोय नव्हती, कारण आईला आत मीच आणून बसवलं होतं.

आणि ती एकटी नव्हती. त्या रात्री घरी बसून मी सगळ्या शीट्समधले त्रिकोण शोधले. बरेचसे भरल्यावर मिनिटाभरात बदललेले, बोट चुकलं असेल. पण सहा मुलं अशी, ज्यांचं 'घरी' उशिरा बदललेलं होतं आणि फक्त 'घरी'. या सहांसाठी कॉपी बंद करायलाच हवी होती, आणि तिने तर करू नका म्हटलं होतं. शेवटी मी तिला बोलावून सांगितलं की सगळ्यांचीच बंद होतेय, आणि पालकांच्या नोटिशीत लिहिलं, तांत्रिक कारणास्तव, मेलचा भार कमी करण्यासाठी. कॉम्प्युटरच्या सरांनी नोटीस वाचली, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. शाळेच्या नोटिशीत खोटं लिहायची माझी ही पहिली वेळ. ज्या बाईने पारदर्शकतेवर ट्रेनिंग घेतलं होतं तिची.

फॉर्मवर आता एक ओळ जास्त आहे, 'तुम्ही फॉर्म कधी भरला ती वेळही काउन्सेलरला दिसते.' ती न टाकता मला राहवेना. त्याचा परिणाम असा की पुढच्याच सोमवारी नववीतल्या चौघांनी बरोब्बर 11:11 ला फॉर्म जमा केला, एकाने तर सेकंदही जुळवला, 11:11:11. त्या रकान्यातून मला आता पुन्हा कधी काही कळेल असं वाटत नाही.

बाबा डॉक्टरांकडे गेले, गोळ्या सुरू आहेत, एवढं तिच्याकडून कळलंय. दीर अजून तिथेच झोपतो. बाकीच्या सहांपैकी चौघांशी बोलून झालं, दोघं माझ्या खोलीकडे फिरकत नाहीत.

काल तिची ओळ आली. सकाळी 11:24, लायब्ररीचा तास. झोप 4, शाळा 4, मैत्रिणी 5, घरी 3, पिवळा. त्रिकोण नाही. पण उत्तर बदलायची सोयही मी कॉपीबरोबरच बंद केलीये, त्यामुळे तो नसणारच.