छाटणी कधीची?

मी एका बँकेत कृषी अधिकारी आहे. नाशिकजवळच्या शाखेत द्राक्षबागांच्या पीककर्जाचं काम माझ्याकडे असतं. नोव्हेंबरच्या मध्यात दिंडोरी तालुक्यात एका बागेच्या पाहणीला गेले होते. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस होऊन गेला होता, वाटेतल्या बऱ्याच बागांत घडकूज दिसत होती.

कर्ज नवऱ्याच्या नावावर, सातबारा नवऱ्याच्या नावावर. ओट्यावर खुर्ची टाकून दिली, पाणी आलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दादा, छाटणी कधीची?"

त्यांनी मान वळवून घरात विचारलं, "अगं, छाटणी कधीची आपली?"

आतून आवाज आला, "वरच्या प्लॉटची 5 ऑक्टोबर, खालच्याची 19."

पुढचा प्रश्न, मग पुढचा. प्रत्येक वेळी मान वळायची आणि उत्तर स्वयंपाकघरातून यायचं. चौथ्या प्रश्नाला मी उठले आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच बाहेर या ना."

त्या हात पुसत आल्या, सोबत एक दोनशेपानी वही. छाटणी, डोळे फुटायला लावलेली पेस्ट, फेलफुटी म्हणजे घड नसलेले फुटवे काढले तो दिवस, प्रत्येक फवारणीचं औषध आणि प्रमाण, मजुरांचे हिशेब, सगळं तारखेनिशी. पेठ-सुरगाण्याकडून येणारी मजुरांची टोळीही त्याच ठरवायच्या. दोन प्लॉटच्या छाटणीत चौदा दिवसांचं अंतर का ठेवलं, हे मी विचारलं. "पाऊस कधी येईल कोणाच्या हातात नाही. दोन्ही प्लॉट एकाच अवस्थेत सापडले तर घर बुडतं," त्या म्हणाल्या. पावसाच्या रात्री काय केलं? ओल्या पानावर फवारा धरत नाही म्हणून आधी धुरळणी केली. पान सुकलं तसा पहाटे चारला ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला. ट्रॅक्टर कोणी चालवला, हे मी विचारलं नाही. त्यांच्या तळहातांवरचे घट्टे दिसत होते.

आम्ही बागेत गेलो. खालच्या प्लॉटमध्ये डाऊनी, म्हणजे केवडा रोग, जवळपास नव्हता. शेजारच्या बांधापलीकडे पानं तेलकट डागांनी भरली होती.

ओट्यावर परतल्यावर मी फाइल उघडली. मागच्या वर्षीच्या अर्जात अर्जदाराच्या पत्नीचा व्यवसाय लिहिला होता: गृहिणी. अक्षर माझं होतं. न विचारता लिहिलं होतं. त्या दिवशी मला ते वाचवेना.

कारण हे मला कळायला हवं होतं. 1986 च्या नोव्हेंबरात, 9 आणि 10 तारखेला, चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तेव्हा माझी आई गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून तिथे गेली होती. कांद्याच्या शेतात राबणाऱ्या त्या बायकांना आपण शेतकरी आहोत हे कोणीतरी मोठ्याने म्हटलेलं तिथे ऐकायला मिळालं, असं ती अजून सांगते. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारने 1992 मध्ये आणली. माझ्या आईचं नाव मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर लागलं नाही. आणि तिचीच मुलगी रकान्यात गृहिणी लिहीत होती.

एका शब्दाने काय होतं? खूप होतं. त्या शब्दावरून ठरतं की द्राक्षाच्या चर्चासत्राला कोणाला बोलवायचं, औषध दुकानदार कोणाशी बोलणार, बँक कोणाची सही मागणार.

जाताना ताई म्हणाल्या, "मॅडम, खालच्या प्लॉटवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचंय मला. कर्ज माझ्या नावावर मिळेल का?"

दादा गप्प झाले. चुलत दीर तेवढ्यात आलेले, ते म्हणाले, "बाईच्या नावावर कर्ज? घरात बाप्या काय मेला का?" सासूबाई म्हणाल्या, थोरलीची दहावी आहे, तिच्याकडे बघायचं सोडून हे काय नवीन. ताईंनी दोघांनाही उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, "दहावीला बसलीये तिला कळू द्या ना, आई काय करते ते."

मी त्यांना जे खरं आहे तेच सांगितलं. जमीन नावावर नसताना एकट्याच्या नावाने एवढं कर्ज अवघड आहे, पण सहकर्जदार होता येईल. आणि वाटणी होऊन सातबारा स्वतंत्र झालेला आहे, म्हणजे दादांनी तलाठ्याकडे अर्ज दिला तर नाव लागू शकतं. फेरफाराची नोंद धरली की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. चुलत दिरांकडे बघत मी हे जरा सावकाश सांगितलं.

शाखेत पाहणी अहवालात लिहिलं: "बागेचे संपूर्ण व्यवस्थापन अर्जदाराच्या पत्नी पाहतात." साहेबांनी विचारलं, याची गरज काय? मी म्हणाले, कर्ज फिटणार की नाही हे ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांची नोंद फाइलला नको का? त्यांनी सही केली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादांचा फोन आला. तलाठ्याकडे अर्ज दिलाय, नोटीस निघाली, सहकर्जदाराच्या कागदांसाठी कधी येऊ? मी मंगळवार सांगितला. मागून आवाज आला आणि फोन ताईंच्या हातात गेला.

"मॅडम, मंगळवारी खालच्या प्लॉटला डिपिंग आहे, घड औषधात बुडवायचेत. मजूर सांगून ठेवलेत. दुसरा दिवस द्या."

मी शुक्रवार दिला.