कोटुलाच्या रानात बारा फीडर आणि ब्लोअरची सोंड

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे चारला टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ सोडलं. आय-३५ महामार्गाने दक्षिणेला कोटुला साधारण १४५ किलोमीटर. हा ईगल फोर्डचा तेलपट्टा, त्यामुळे अंधारातही टँकर आणि वाळूचे ट्रक सारखे धावत असतात. मागे टनभर मक्याचा ट्रेलर जोडलेला असेल तर उजवी लेन सोडू नका.

टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी मालकीची आहे. त्यामुळे इथे शिकारीसाठी रँचवरचा हक्क वर्षाच्या भाड्याने घेतात. माझ्या मित्राने तो घेतलाय. मी स्वतः शिकार करत नाही, पण गेली चार वर्षं हरणांना मका टाकणारे फीडर भरायला त्याच्याबरोबर जातो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, त्याआधी सगळे फीडर भरलेले आणि चालू हवेत.

फीडर म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं पत्र्याचं पिंप. खाली बॅटरीवर फिरणारी चकती, तिला टायमर. सकाळ-संध्याकाळ काही सेकंद चकती फिरते आणि मका चहूकडे उडतो. ५५ गॅलनच्या पिंपात दीडशे किलो मका मावतो, म्हणजे ५० पौंडांची सहा-सात पोती. आजवर आम्ही ती शिडीने चढवायचो. एक जण खांद्यावर पोतं घेऊन वर, दुसरा शिडी धरून खाली. गेल्या वर्षी मित्राचा पाय तिसऱ्या पायरीवरून सटकला आणि मनगट मोडलं. जवळचं हॉस्पिटल गाठायला तासाहून जास्त वेळ लागला. म्हणून यंदा ब्लोअर.

ट्रेलरवर मक्याची मोठी टाकी, तिच्या तळाशी सरकतं झडप, शेजारी पेट्रोल इंजिनावर चालणारा पंखा आणि त्याला जोडलेली लांब लवचिक सोंड. पंख्याचा झोत झडपेतून पडणारा दाणा उचलतो आणि सोंडेतून थेट पिंपात नेऊन टाकतो. सोंडेच्या टोकाला लांब दांडा आणि आकडा असतो. तो जमिनीवरूनच पिंपाच्या काठाला अडकवायचा. लहानपणी खळ्यावर वारं पडलं की उफणणी थांबायची, आजोबा सूप हातात धरून आभाळाकडे बघत उभे राहायचे. इथे वारं आपल्या हातात आहे, पण त्याचा नियम तोच: वारा पडला की दाणा जागेवर बसतो.

तो नियम दुसऱ्याच फीडरवर कळला. पिंप भरलं म्हणून मी घाईने इंजिन बंद केलं. सोंडेत असलेला सगळा मका खालच्या वळणात बसला आणि घट्ट ठासला. सोंड सुटी करून, झटकून, काठीने ढोसून मोकळी करायला पाऊण तास गेला, तोही छत्तीस अंशांच्या उन्हात. तेव्हा क्रम पाठ करा. आधी इंजिन पूर्ण वेगावर आणायचं, मग झडप हळूहळू उघडायची. बंद करताना आधी झडप, मग सोंडेतला खडखड आवाज पूर्ण थांबेपर्यंत हवा चालू, आणि शेवटी इंजिन. ट्रेलर फीडरच्या जितका जवळ लावाल तितकं बरं. सोंड सरळ ताणून ठेवा, मध्ये झोळ पडू देऊ नका. प्रथिनांच्या गोळ्यांचे फीडर भरायचे असतील तर हवा बेताचीच ठेवा. जोरात आदळल्या की गोळ्यांचा भुगा होतो आणि तोच पुढे चकतीत किंवा नळीत अडकतो. कानाला बोंडं, डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क हे तिन्ही हवंच. मक्याची धूळ घशात दोन दिवस राहते. कोरड्या हवेत सोंडेला स्थिर वीज चढते, चामड्याचे हातमोजे नसतील तर चांगलाच झटका बसतो.

वेळेचा फरक प्रचंड आहे. एक पिंप पाच मिनिटांच्या आत भरतं. पूर्वी दोन दिवस लागायचे ते काम पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आठ फीडरवर आलं होतं.

आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. शिडी होती तेव्हा माणूस वर चढायचा, झाकण काढायचा, आत बघायचा. ब्लोअरमुळे वर चढायचं कारणच उरलं नाही. झाकण दांड्याने सरकवायचं, सोंड अडकवायची, सुरू. नवव्या फीडरवर मका भरल्यावर चकती तपासली तर दाणा पडेना. खालून बोट घातलं तर ओलसर ढेप लागली, हिरवट, कुबट वासाची. झाकणाची कड वाकली होती, उन्हाळ्यातल्या पावसाचं पाणी आत गेलं होतं आणि तळाचा जुना मका बुरशीने धरला होता. त्यावर आम्ही शंभर किलो ताजा मका ओतून बसलो होतो.

याकडे दुर्लक्ष करू नका. मक्यावरच्या अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. माणसाच्या अन्नात अमेरिकेत त्याची मर्यादा अब्जात २० भाग एवढी कमी आहे. हरणांपेक्षा पक्ष्यांना ते फार लवकर बाधतं, आणि फीडरखाली हरणांआधी येतात ते पक्षीच: रानटर्की, बॉबव्हाइट लावे, हिरवे ‘जे’ पक्षी. पोती घेताना अफ्लाटॉक्सिनची चाचणी झालेला आणि २० च्या आतला मका मागा, चार पैसे जास्त गेले तरी. आणि सोंड लावण्याआधी प्रत्येक पिंपात बघाच. आम्ही आता काठीला छोटा आरसा आणि टॉर्च बांधलाय. जमिनीवरून आतलं तळापर्यंत दिसतं. पिंप निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर खालून मूठभर काढून वास घ्या. मात्र हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा, चकती कधीही फिरू शकते.

बाकी लहानसहान. झाकणाखाली आणि पायांच्या पोकळ नळ्यांत लाल गांधीलमाश्या घर करतात, आधी लांबून दांड्याने ठोकून बघा. गवतात रॅटलस्नेक हा विषारी साप असतो, पायांना गुडघ्यापर्यंत जाड गेटर, म्हणजे वरून बांधायचं आवरण, घाला. इंजिनाची धुराडी तापते, म्हणून ट्रेलर वाळल्या गवतावर उभा करू नका. कॅलिचीच्या, म्हणजे चुनखडीच्या कडक मातीच्या, उघड्या पांढऱ्या रस्त्यावर लावा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. मेस्किटच्या झाडाचा काटा टायर फाडतो, ट्रेलरचे स्पेअर दोन घ्या. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद तर बंद. सांडलेला मका झाडून उचला, नाहीतर रात्री रानडुकरं येऊन फीडरचे पाय उपसतात. भोवती कुंपण असलं तरी ती रेटून बघतातच.

ब्लोअर दुसऱ्याकडून आणला असेल तर सोंड आणि टाकी आधी नीट साफ करा. फीडरभोवती हरणं एकत्र जमतात, एकमेकांच्या लाळेशी त्यांचा संपर्क येतो, आणि क्रॉनिक वेस्टिंग हा हरणांचा जीवघेणा आजार टेक्सासमध्ये २०१२ पासून आहे. तुमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्यासाठी वेगळे नियम आहेत का, ते राज्याच्या वन्यजीव विभागाकडे निघण्याआधी विचारा.

रविवारची सगळी सकाळ नववा फीडर रिकामा करण्यात गेली. चकतीचा भाग सोडवला, ताडपत्री पसरली आणि अडीचशे पौंड मका खाली घेतला. उघड्यावर टाकता येत नव्हता, म्हणून कॅलिचीत खड्डा खणून पुरला. पिंप घासून उन्हात वाळवलं, झाकणाची कड ठोकून सरळ केली. उरलेले तीन फीडर भरून नवव्यापाशी परत आलो, पिंप कोरडं झालं होतं. सोंड लावली, चार मिनिटांत भरलं. टायमर सकाळी सात आणि संध्याकाळी साडेसहाला लावून फाटकाकडे निघालो तेव्हा कुंपणाच्या खांबावर दोन हिरवे ‘जे’ येऊन बसले होते.