वाळवण-वही: पावसाळी फेरीची नोंद

कपडे, पापड, बेदाणे अशा ओल्या वस्तू किती वेगाने वाळतात याची उन्हाळी मोजणी संपली, आता तीच मोजणी दमट हवेत चालू आहे. एप्रिलच्या दुपारी नाशिकच्या हवेतली आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) २०-३० टक्क्यांवर असते, जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८५च्या पुढे. ही दोन्ही टोकं शेजारी ठेवली की एक गोष्ट ठामपणे सांगता येते: वहीत नुसता आर्द्रतेचा टक्का लिहिण्यात अर्थ नाही. त्याच्या शेजारी तापमान आणि ‘तूट’ हे दोन रकाने हवेतच.

तूट म्हणजे एक घनमीटर हवा अजून किती ग्रॅम वाफ पोटात घेऊ शकते ते. पूर्ण भरलेल्या हवेत २० अंशांना १७.३ ग्रॅम, २५ला २३, ३०ला ३०.४ आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ३० अंश आणि ४० टक्के असताना तूट १८ ग्रॅम, पण २५ अंश आणि ८५ टक्के असताना जेमतेम साडेतीन. फरक पाचपटींचा. थंडीत उलटा घोळ होतो. हवेत ९.४ ग्रॅम वाफ असेल, तर दुपारी २८ अंशांना ती ३५ टक्के दिसते आणि पहाटे १० अंशांना तीच वाफ १०० टक्के होऊन दव पडतं. हवेतलं पाणी तेवढंच, बदललं फक्त तापमान. म्हणूनच गच्चीवरचं वाळवण ऊन कलायच्या आत उचलतात. उशीर झाला की पापड संध्याकाळी सादळतात.

आधी यंत्राची खात्री करून घ्या. बाजारातले स्वस्त आर्द्रतामापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. मिठावर पाणी तरंगता कामा नये. बूच आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, डबा खिडकीपासून लांब ठेवून किमान १२ तास उघडू नका. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७९ दाखवत असेल, तर त्या पट्ट्यातल्या नोंदीतून ४ वजा करा. खालच्या टोकासाठी मॅग्नेशियम क्लोराइड वापरा, ते ३३ टक्क्यांवर थांबतं. पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं, याचंही उत्तर यातच आहे. शुद्ध मीठ ७५च्या वरच्या हवेत ओलावतं. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असल्याने ते त्याच्या बरंच आधी ओलसर होतं.

ओल्या-कोरड्या तापमापकांची जोडीही उत्तम (एक उघडा, दुसऱ्यावर ओली वात; दोघांच्या फरकावरून आर्द्रता कळते), पण मलमलीच्या वातीला डिस्टिल्ड पाणीच लागतं. बोअरच्या पाण्याने वातीवर क्षार चढतात आणि ओला पारा जास्त दाखवायला लागतो. शिवाय वातीवर पंख्याचा झोत हवा. कोरडा ३० आणि ओला २० असेल तर आर्द्रता ४०च्या आसपास, ओला २५ असेल तर ६७.

आता कपडे. पद्धत साधी आहे: टर्की नॅपकिनचं कोरडं वजन घ्या, भिजवा, पिळा, एकेरी पसरा आणि दर अर्ध्या तासाला १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. सामान तोलायचा हुक-काटा इथे निरुपयोगी. आलेख आधी सरळ उतरतो, कारण पृष्ठभाग ओलाच असतो आणि वेग हवाच ठरवते. मग रेषा वाकते. आता पाणी धाग्यांच्या आतून येत असतं आणि वाऱ्याचा उपयोग कमी होत जातो. दुमडलेली किनार आणि शिवण शेवटपर्यंत ओली राहते. कुबट वास तिथूनच सुरू होतो.

पावसाळ्यात खोली बंद करून दोरीवर कपडे वाळत घालणं का फसतं, ते हिशोबाने बघा. ३ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच खोलीत २७ घनमीटर हवा. तूट साडेतीन ग्रॅम धरली, तर ती सगळी हवा मिळून ९५ ग्रॅम पाणी घेईल आणि थांबेल. एका धुण्यात २ लिटर पाणी उरलेलं असतं. ते उडवायला पावणेसहाशे घनमीटर हवा लागणार, म्हणजे खोली वीसपेक्षा जास्त वेळा बदलायला हवी. नुसता छताचा पंखा तीच ओली हवा फिरवत राहतो. एका खिडकीत बाहेर फेकणारा पंखा आणि समोरचं दार किलकिलं, एवढ्याने चित्र बदलतं. २५ अंश, ८५ टक्क्यांची हीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते आणि तूट तिप्पट होते. पण २ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण १.३५ युनिट उष्णता लागतेच, कुठून का येईना. त्यापेक्षा मशीनमध्ये आणखी एकदा स्पिन करणं फार स्वस्त.

बेदाण्याची नोंद मार्चची आहे. निफाड-दिंडोरीकडची थॉमसन जातीची द्राक्षं, गोडी २२ ब्रिक्स (म्हणजे रसात वजनाने सुमारे २२ टक्के साखर). द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. त्यासाठी १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आधी पूर्ण विरघळवायचं, मग १५ मिली डिपिंग ऑइल (द्राक्षं बुडवण्यासाठीचं, पाण्यात मिसळणारं तेल) ढवळत ढवळत सोडायचं. दुधाळ झालं की तयार; वर तेलाचे थेंब तरंगले तर मिसळणं नीट झालेलं नाही. हे पाणी बरंच अल्कधर्मी असतं, हातमोजे घाला. घड २ ते ४ मिनिटं बुडवा, निथळा, जाळीवर एकेरी पसरा, तेही सावलीत. उन्हात रंग तपकिरी होतो.

कधी थांबायचं ते बोटांनी दाबून ठरवू नका, वजनाने ठरवा. २२ ब्रिक्सच्या १ किलो मण्यांत सुमारे २२० ग्रॅम घन भाग. बेदाण्यात १५ टक्के ओल ठेवायची, तर २२० भागिले ०.८५, म्हणजे २६० ग्रॅम. तिथे पोचलं की हवाबंद डब्यात. ६० टक्क्यांच्या वरच्या हवेत उघडा राहिलेला बेदाणा ओल परत ओढतो, चिकटतो आणि पुढे बुरशी धरतो. मार्चमधल्या अवकाळी पावसाची खरी भीती ती हीच.

पापडांचं दुखणं उलटं. एप्रिलच्या कडक उन्हात कडा आधी सुकून आक्रसतात, मधला भाग ओलाच असतो, म्हणून पापड वाटीसारखा वळतो आणि तडकतो. आधी सावलीत, वर पातळ कापड टाकून, आणि कडा-मध्य सारखे झाल्यावर उन्हात.

डब्यांसाठी सिलिका जेल ठीक, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. खाण्याच्या डब्यात ते नको.

पुढची फेरी बुटांची. तोलण्याआधी आतला तळवा काढून त्याची वेगळी नोंद करा, कारण तो वेगळ्या वेगाने सुकतो. आत कोंबलेला रद्दी कागद दर दोन तासांनी बदला आणि काढलेला कागदही तोला, म्हणजे कागदाने किती पाणी शोषलं आणि हवेने किती नेलं, हे दोन्ही आकडे सुटे मिळतील.